चारी कोणाची?

मृग नक्षत्र जवळ आले म्हणजे वारकऱ्याच्या घरी दोन तयाऱ्या बरोबरच सुरू होतात. एक पेरणीची, दुसरी वारीची. बियाणे काढावयाचे, पाभर दुरुस्त करावयाची. तिकडे पताका धुवावयाची, टाळांची दोरी बदलावयाची. या धांदलीत तिसरे एक काम दर वर्षी राहून जाते, आणि ते राहिले हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. आपल्या शेतावरून, घरावरून रस्त्याच्या कडेने जी चारी जाते ती उपसण्याचे ते काम. आमच्याकडे तिला चारी म्हणतात. कुठे गटार, कुठे नाली, कुठे चर. नाव कोणतेही असो, पाऊस तोंडावर आला म्हणजे तिच्याविषयी गावोगाव एकच प्रश्न निघतो, "ही चारी कोणाची?" आणि उत्तरही गावोगाव एकच येते, "आपली नाही."

परमार्थाच्या मासिकात गटाराची कथा कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांस एवढेच सांगणे की, आपण ज्या वाटेने पंढरीस जातो त्या वाटेच्या कडेने ही चारी आपल्याबरोबर चालत असते. तिच्या काठावर आपण जेवतो, तिच्या काठावर पाठ टेकतो. तेव्हा तिचा आणि आपला संबंध नाही, असे निदान वारकऱ्याला तरी म्हणता येणार नाही. मला हे एका प्रसंगाने शिकविले. तो प्रसंग आधी सांगतो. विचार मागाहून करू.

२०२२ सालची आषाढी वारी. त्याआधीची दोन वर्षे साथीमुळे पायी वारी झाली नव्हती, पादुका एस.टी.तून पंढरीस गेल्या होत्या. त्यामुळे त्या वर्षी माणसांच्या पायांत निराळाच हुरूप होता. आमची दिंडी लहान, शंभराच्या आतबाहेर माणसे. आडवाटेने येऊन पुढे मुख्य सोहळ्याला मिळणारी. एका गावाबाहेर एका माळकरी शेतकऱ्याच्या वस्तीवर आमचा मुक्काम पडला. त्या भल्या माणसाने घरच्या लग्नासारखा थाट केला होता. पिठले, भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर बुंदी. स्वतः वाढायला उभा राहिला. रस्त्याच्या कडेने पंगत बसली. जेवणे झाली आणि ज्याने त्याने आपली कागदाची पत्रावळ, द्रोण, पाण्याचा प्लास्टिकचा पेला उचलून कडेच्या चारीत टाकला. चारी कोरडी होती. तिच्यात टाकले म्हणजे रस्ता स्वच्छ राहील, असा आमचा विचार!

रात्री हरिपाठ, कीर्तन झाले. नऊ-साडेनऊला जो पाऊस लागला तो पहाटेपर्यंत. आम्ही पत्र्याच्या शेडखाली सुखरूप होतो. पाऊस पडतो आहे, पेरणी साधेल, म्हणून सगळ्यांना आनंदच झाला होता.

सकाळी काकडा आटोपून निघण्याच्या वेळी रस्त्याच्या खालच्या अंगाला नजर गेली. तिथे मजुरांच्या दोन खोल्या होत्या. एक म्हातारी बाई ताडपत्रीवर ओली ज्वारी पसरीत होती. शेजारी एक पोर आपल्या शाळेच्या वह्या एकेक पान सोडवून वाळत घालीत होते. आमचे विणेकरी बुवा वयाने मोठे, ते खाली उतरले. त्यांनी विचारले, "काय झालं, माउली?"

बाई म्हणाली, "रातच्याला पाणी सडक वलांडून आलं जी. आन पाण्यासंगं तुमच्या पत्रावळी बी आल्या."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागले.

आम्ही वर येऊन पाहिले. यजमानाने रस्त्यावरून रानात ट्रॅक्टर नेण्यासाठी चारीवर मुरूम टाकून वाट केली होती. वाटेखाली एक फुटाची सिमेंटची नळी होती. नळीत खालून गाळ भरलेला, वरून उसाचे पाचट अडकलेले आणि तोंडाशी आमच्या पत्रावळ्यांचा बुच्चा बसलेला. चारीचे पाणी तिथे तुंबले, चढले आणि सडक ओलांडून पलीकडे उतरले. पलीकडे उतारावर पहिले घर त्या बाईचे.

यजमान आले. त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, "बुवा, नळी म्या सोताच्या पैशानं टाकलीया. बाकीचे तर नुसता मुरूम वततात. पर चारी काय माझी न्हाई, सरकारी हाय. ती काढाया त्यांची माणसं याया पायजेत." हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आमच्यातला एक तरुण म्हणाला, "आपण एका रात्रीचे वाटसरू. नळी आधीच गाळाने अर्धी भरली होती. आपल्या पत्रावळ्यांनी काय केलं?" तेही सर्वस्वी खोटे नव्हते. ज्या कचेरीकडे तो रस्ता होता तिचे कोणी तिथे हजर नव्हते. असते तर म्हणाले असते की रस्ते इतके लांब, माणसे इतकी थोडी. तेही खोटे ठरले नसते.

तिघांचीही उत्तरे खरी, आणि बाईची ज्वारी भिजलेली. या दोहोंचा मेळ बसत नाही. तो का बसत नाही, हाच या लेखाचा विषय आहे.

त्या सकाळी विणेकरी बुवांनी कोणालाच काही सुनावले नाही. वीणा खाली ठेवावयाची नसते. त्यांनी ती दुसऱ्याच्या गळ्यात दिली, धोतर खोचले आणि चारीत उतरून नळीच्या तोंडातून हाताने पत्रावळ्या ओढू लागले. मग कोण उभा राहणार? यजमानांनी फावडी, घमेली आणली. तास-दीड तास गेला. निघायला उशीर झाला. दिंडीच्या कोठीतून दोन पायली धान्य बाईला दिले. तिने ते घेतले. गरिबाला नाही म्हणण्याची सोय नसते. निघताना ती एवढेच म्हणाली, "पुढल्या साली बी येणार न्हवं तुमी?" हे बोलावणे होते की धास्ती होती, हे मला अजून उमगलेले नाही.

आता चारी करते काय, ते पाहू. रस्ता बांधताना तो मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरता ठेवितात, कासवाच्या पाठीसारखा. हेतू हा की, पडलेले पाणी वर थांबू नये. कडेला उतरलेल्या पाण्याला चारीने धरावे, मोरीपर्यंत न्यावे आणि मोरीने रस्त्याखालून पलीकडच्या ओढ्यात सोडावे. शिवाय चढाकडच्या रानातून वाहून येणारे पाणीही चारीच अडविते. हे पाणी किती असते, याचा आपल्याला अंदाज नसतो. एका एकरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी सुमारे २ लाख लिटर भरते. म्हणजे १० हजार लिटरचे २० टँकर. त्यातले काही भुई पिते हे खरे; परंतु आधीच भिजून फुगलेले काळे रान फारसे पीत नाही. चढाला असे दहा एकर रान असले तर शे-दीडशे टँकर पाण्याची वाट त्या दोन हात रुंदीच्या चरातून आहे!

ही वाट बंद केली म्हणजे पाणी थांबते, असे नाही. ते दुसरी वाट धरते. एक तर रस्त्यावर चढते. रस्त्याच्या पोटात पाणी मुरले की वरचे डांबर कितीही चांगले असले तरी गाड्यांच्या भाराखाली ते फुटते. मग खड्डे पडतात आणि आपण सगळे मिळून कंत्राटदाराला नावे ठेवितो. त्याचा दोष अनेकदा असतोही, परंतु तुंबलेल्या चारीचा दोष कोणी मोजीत नाही. नाही तर ते पाणी बांध फोडून कोणाच्या रानात शिरते आणि वरची सुपीक माती घेऊन जाते. नाही तर ते खालच्या घरात जाते. दर डांबरीकरणाला रस्त्याची उंची थोडी थोडी वाढते, म्हणजे जुनी घरे वर्षागणिक सडकेच्या खाली जातात. त्यांच्या आणि पाण्याच्या मधे चारीवाचून दुसरा रखवालदार नसतो.

आणि चारी बुजते कशाने? आकाशातून गाळ पडत नाही. ट्रॅक्टरच्या वाटेसाठी कोणी मुरूम टाकतो आणि नळी टाकीत नाही, किंवा टाकतो ती लहान टाकतो. एक फुटाच्या नळीपेक्षा दोन फुटांच्या नळीचे तोंड चौपट असते. पण दुकानात दोन नळ्यांच्या किमतीतला फरक तेवढा दिसतो, पाण्यातला फरक दिसत नाही. कोणी नांगरताना दर वर्षी वीतभर पुढे सरकतो आणि चारीचा काठ रानात घेतो. कोणी चहाचे दुकान मांडतो आणि पुढे अंगण हवे म्हणून ती सपाट करतो. कोणी तण खुरपून तिच्यात लोटतो, कोणी पाचट लोटतो. आणि आपल्यासारखे वाटसरू पत्रावळ्या टाकून 'माउली माउली' म्हणत पुढे जातात. यातला कोणीही दुष्ट नसतो. कोणाच्याही मनात शेजाऱ्याचे घर बुडवावे, असे नसते. पापाचा संकल्प कुठेच नाही आणि पापाचे फळ मात्र रोकडे आहे, असा हा चमत्कारिक प्रकार आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चारी कोणाची?

कायद्याने पाहिले तर उत्तर स्पष्ट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या २० व्या कलमाप्रमाणे सार्वजनिक रस्ते, त्यांच्या कडेचे चर, तसेच ओढे, नाले ही शासनाची मालमत्ता आहे. रस्ता ज्या खात्याचा त्याच्याकडे चारीची निगा. मोठ्या रस्त्याला बांधकाम खाते किंवा राष्ट्रीय महामार्गाचे खाते, ग्रामीण रस्त्याला जिल्हा परिषद, गावठाणातल्या गटाराला ग्रामपंचायत. तेव्हा यजमान म्हणाले की चारी सरकारी, ते कायद्याला धरूनच म्हणाले. परंतु हाच कायदा दुसऱ्या अंगाने काय म्हणतो? चारी जर तुझी नाही, तर तिच्यात मुरूम ओतण्याचा, ती नांगरण्याचा, तिच्यात पाचट लोटण्याचा अधिकार तुला कोणी दिला? उपसावयाची वेळ आली की ती सरकारची आणि बुजवावयाची वेळ आली की ती आपली, असा हा दुटप्पी व्यवहार आहे. दुसऱ्याच्या वस्तूत हात घालावयाचा आणि दुरुस्तीला मात्र धन्याला हाका मारावयाच्या, याला कोणत्याही शास्त्रात न्याय म्हणत नाहीत.

जुना मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ सालचा. त्याच्या ५ व्या कलमात अशी तजवीज आहे की, शेतावर पडलेल्या किंवा उगवलेल्या पाण्याचा नैसर्गिक ओघ कोणी बेकायदा अडविला आणि त्यामुळे दुसऱ्याच्या जमिनीचे, पिकाचे नुकसान झाले किंवा होण्यासारखे असले, तर मामलेदार, म्हणजे आजचे तहसीलदार, तो अडथळा काढावयास लावू शकतात. मात्र कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. ज्याच्या रानात शेजाऱ्याच्या भरावाने पाणी घुसते त्याने हे जाणून ठेवावे. भांडण करून डोकी फोडण्यापेक्षा तो मार्ग बरा.

परंतु सज्जनहो, कायदा झाला तरी तो 'कोणाचे' एवढेच विचारतो. त्या म्हातारीचे काय? तिच्या नावावर सात-बारा नाही. चारीला लागून तिचे रान नाही. तिने मुरूम टाकला नाही, पत्रावळ टाकली नाही. मालकीच्या हिशेबात तिचे नाव कुठेच येत नाही, आणि नुकसानीच्या हिशेबात पहिले नाव तिचे. यावरून हे उघड होते की, मालकीवरून कर्तव्य ठरवू गेलो तर ज्याच्यापाशी काही नाही त्याच्या वाट्याला फक्त पूर येतो.

पाणी गट नंबर पाहत नाही. पाण्याला दोनच गोष्टी कळतात, वर आणि खाली. म्हणून या बाबतीत कर्तव्य 'माझे की परक्याचे' यावरून ठरवू नये. 'मी कोणाच्या वर आहे' यावरून ठरवावे. माझ्या जागेवरून गेलेले पाणी ज्याच्या दारात जाणार, त्याचे काही देणे माझ्याकडे लागते. आणि गंमत ही की, प्रत्येक जण कोणाच्या तरी वर असतो आणि कोणाच्या तरी खाली असतो. वरच्याने चारी मोकळी ठेवावी असे मला वाटते ना? मग खालच्यालाही माझ्याविषयी तेच वाटत असणार. वरच्याकडून जे मागावयाचे ते खालच्याला आधी द्यावयाचे, एवढा सरळ न्याय आहे. साऱ्या भूतांत एकच देव पाहावा, हे आपण कीर्तनात रोज ऐकतो. ते खरे मानावयाचे तर खालच्या घरातला देव ओला होणार नाही, एवढे तरी पाहिले पाहिजे.

आता काही शंका येतील, त्यांचा विचार करू.

पहिली शंका. आम्ही चारी काढू लागलो तर सरकारी माणसे आणखी आळशी होतील. आम्ही कर भरतो. काम त्यांचे, ते त्यांनीच करावे. ही शंका बरोबर आहे आणि ती झिडकारू नये. खात्याचे काम गावाने फुकट करीत राहावे, असे मुळीच म्हणणे नाही. मोरी फुटली, नवी मोरी हवी, मैलभर चारी खोदावयाची, ही कामे खात्याचीच. त्यासाठी ग्रामसभेत ठराव करावा, लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, पुन्हा पुन्हा विचारावे. ते विचारणे हीसुद्धा सेवाच आहे; पुष्कळदा फावडे मारण्यापेक्षा ते अवघड जाते. परंतु अर्ज कचेरीत आणि पाऊस डोक्यावर, अशी वेळ आली तर काय करावे? घराला आग लागली असता बंब येईपर्यंत आपण घागरी ओततोच. त्याने बंबाची जबाबदारी नाहीशी होत नाही. मागणे आणि करणे या दोन्हींत विरोध नाही. उलट, ज्याने आपल्यापुढची चारी स्वच्छ ठेविली आहे त्याच्या अर्जाला वजन असते. ज्याने ती बुजविली आहे त्याचा अर्ज त्याच्याच तोंडावर येतो.

दुसरी शंका. मी एकट्याने माझ्यापुरती काढली आणि पुढच्याने नाही काढली, तर काय उपयोग? या शंकेत एक फार महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. जाणते लोक चारी नेहमी खालून वर काढीत जातात. आधी ओढ्याचे तोंड, मग मोरी, मग वरची चारी. वरच्याने आपल्यापुरती काढून मोकळे व्हावे, तर तेच पाणी जोराने खालच्याच्या तुंबलेल्या भागावर आदळते आणि त्याचे जास्त नुकसान होते. म्हणजे स्वतःपुरती केलेली सफाईसुद्धा दुसऱ्याला जाचक होऊ शकते! म्हणून हे काम एकट्याचे नव्हे. पण त्याची सुरुवात मात्र एकट्यालाच करता येते, आणि ती अशी: फावडे घेण्याआधी खालच्या शेजाऱ्याच्या दारात जावयाचे आणि म्हणावयाचे, "दादा, आधी तुझ्याकडची काढू, मग माझी." बांधावरून ज्यांचे बोलणे बंद आहे त्यांना हे किती जड जाईल, ते मी जाणतो. परंतु चारीतला गाळ निघण्याआधी हा मनातला गाळ निघावा लागतो. काढलेला चारीतला गाळही काठावरच ठेवू नये. पहिल्याच सरीने तो परत आत येतो. तो रानात पसरावा. आपल्याच शेताची माती ती.

तिसरी शंका. पूर येणे न येणे देवाच्या हाती. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तिथे गटार साफ असून काय होणार होते? २०१९ आणि २०२१ साली कृष्णा-पंचगंगेला महापूर आले. उजनी आणि वीर धरणांतून पाणी सोडले की चंद्रभागेचे वाळवंट बुडते. तिथे आमची चारी काय करणार? यात तथ्य आहे. फावड्याने महापूर अडत नाही, असे म्हणणारा खोटे बोलत नाही. परंतु प्रत्येक पाणी महापुराचे नसते. मुंबईतही त्या पावसाला कोणी जबाबदार नव्हते, पण प्लास्टिकच्या पिशव्यांनी तुंबलेल्या गटारांना माणूसच जबाबदार होता. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, भिंती पडल्या, माणसे दगावली. ढगातून पाणी किती पडावे हे देवाच्या हाती. ओढ्याची जागा किती ठेवावी, हे माणसाच्या हाती होते. देवाच्या हातचे देवावर सोडावे. आपल्या हातचेही देवावर सोडून मोकळे होणे, याला श्रद्धा म्हणत नाहीत; ती चुकारपणाला दिलेली श्रद्धेची झूल आहे.

चौथी शंका आपल्या घरातली आहे. आम्ही नाम घेणारी माणसे. आम्हांला या चिखलाशी काय कर्तव्य? यावर दुसऱ्या कोणाचे प्रमाण आणावयास नको. नाथमहाराजांची कथा लहान पोरालाही ठाऊक आहे. रामेश्वरास न्यावयाचे गंगाजल त्यांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतले. गाढव कोणाचे, त्याला पाणी पाजणे कोणाचे काम, हे त्यांनी विचारले नाही. अरणच्या सावतोबांना मळ्याच्या वाफ्यात पाणी वळविताना देव भेटला. फावडे हातचे खाली ठेवावे लागले नाही. आणि अगदी अलीकडचे गाडगेबाबा, १९५६ साली देह ठेवणारे. गावात शिरले की आधी खराटा घेऊन रस्ता झाडीत, गटार काढीत, आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला खडे प्रश्न विचारीत. म्हणजे करणेही त्यांनी सोडले नाही आणि विचारणेही सोडले नाही. त्यांच्या नावाने राज्य शासनाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले; गावोगाव बक्षिसे वाटली गेली. बाबांना मात्र कोणी बक्षीस लावले नव्हते.

तथापि एक भेद येथे मान्य केला पाहिजे. नाथांसमोर तहानलेले गाढव प्रत्यक्ष पडले होते. आपल्या चारीचे संकट वेळेवर डोळ्यांसमोर नसते. चैत्र-वैशाखात चारी कोरडी ठणठणीत. तिच्यात टाकलेली पत्रावळ निरुपद्रवी दिसते. ज्या दिवशी आपण टाकतो त्या दिवशी कोणी बुडत नाही आणि ज्या दिवशी कोणी बुडते त्या दिवशी आपण दोन मुक्काम पुढे गेलेलो असतो. डोळ्यांपुढच्या दुःखाला पाझर फुटणे सोपे आहे. अजून न आलेल्या, न दिसणाऱ्या आणि ज्याचा दोष आपल्यापर्यंत कधीही येणार नाही अशा दुःखासाठी आज वाकणे, हे कठीण. परंतु दया जर डोळ्यांपुरतीच असेल तर तिला दया कशाला म्हणावे?

मग भार कोणी किती उचलावा? माझ्या अल्पमतीप्रमाणे क्रम असा. ज्याने अडथळा केला त्याने तो आधी काढावा. भराव असेल तर पुरेशी मोठी नळी टाकावी आणि मृगाआधी व प्रत्येक मोठ्या पावसानंतर तिचे तोंड पाहावे. ज्याच्या कडेने चारी जाते त्याने तिच्यात काही न टाकण्याचे व्रत घ्यावे, आणि तण-पाचट काढण्याचा एक दिवस द्यावा. गावाने मोरीची, ओढ्याच्या तोंडाची काळजी घ्यावी, आणि खात्याचे काम खात्याकडून नेटाने करवून घ्यावे. खात्याने पाऊस पडून गेल्यावर नव्हे तर आधी यावे. सर्वांत शेवटी येतो तो खालच्या घरातला गरीब माणूस. आज सगळा भार पहिल्याने तोच उचलतो. हा क्रम उलटा करणे, एवढेच आपले काम आहे.

आणि वारकऱ्याने? आपण तर एका रात्रीचे पाहुणे. ज्या गावाने आपल्याला भाकरी दिली, त्या गावाच्या चारीत आपली पत्रावळ राहता कामा नये. त्या वर्षापासून आमच्या दिंडीत जेवणानंतर दोन माणसे पोती घेऊन पंगतीतून फिरतात. घरून थाळी आणावी असा नियम केला आहे. सगळे पाळतात असे म्हणवत नाही, पण निम्मे तरी पाळतात. मुक्काम उठण्याआधी चारीच्या दोन्ही अंगांना नजर टाकावयाची, हे काम विणेकरी बुवांनी कोणाला सांगितले नाही. ते स्वतःच करतात. त्यामुळे ते टाळण्याची कोणाची छाती होत नाही.

पुढच्या वर्षी, २०२३ साली, आम्ही त्याच वस्तीवर उतरलो. यजमानांनी मुरूम उकरून दोन फुटांची नळी टाकली होती. आपण होऊन दाखविली नाही. आम्हीच वाकून पाहिली तेव्हा लाजल्यासारखे हसले. रस्त्याच्या खालच्या खोलीला मात्र कुलूप होते. म्हातारी पोराला घेऊन उसाच्या कामाला कुठे लांब गेली, एवढेच कळले. तिच्या प्रश्नाचे उत्तर, की होय माउली, आलो आणि पत्रावळ्या बरोबर घेऊन निघालो, हे तिला सांगावयाचे राहून गेले.

म्हणून सज्जनहो, आता मृग लागण्याआधी पताका धुवाल, टाळाची दोरी बदलाल, तेव्हा तासभर फावडे घेऊन चारीवरही जा. आधी खालच्याकडे, मग आपल्याकडे. चारी कोणाची, हा प्रश्न पावसावर सोपवू नका. तो त्याचे उत्तर नेहमी सगळ्यांत गरिबाच्या दारात नेऊन देतो.

राम कृष्ण हरि.